नोटरी ‘परीक्षेचा’ कोर्स, ५ पैकी अडीच स्टार

कोर्सचं नाव लिहीत नाही, मला कोणाशी वाद घालायचा नाहीये, पण जळगाव-धुळ्याकडच्या ज्युनिअर वकिलांच्या इन्स्टावर ती जाहिरात इतकी फिरतेय की बरेचजण ओळखतीलच. "नोटरी पब्लिक परीक्षा, पहिल्याच प्रयत्नात पास", खाली काळ्या कोटातला हसरा माणूस आणि ४,९९९ वर काट मारून २,९९९. एवढ्यात मिळतं काय तर रेकॉर्डेड व्हिडिओ, एक जाडजूड पीडीएफ, टेस्ट सिरीज आणि एका रविवारी जळगावला प्रत्यक्ष कार्यशाळा, जेवणासकट. मी अमळनेरला प्रॅक्टिस करते, मला खरं तर फक्त त्या रविवारासाठी घ्यायचा होता पण तो सुटा विकत नाहीत, म्हणून अख्खं पॅकेज घेतलं.

आता मुद्द्याचं आधी. आपल्याकडे नोटरी व्हायला लेखी परीक्षाच नाहीये! नोटरी कायदा १९५२ चा, नियम १९५६ चे, दोन्ही मिळून एका दुपारी वाचून होतात, त्यात प्रॅक्टिसची वर्षं आहेत, अर्ज आहे, मुलाखतीचं बोर्ड आहे, पण पेपर कुठेच नाही. लेखी जे काय आहे ते सनदेच्या (वकिलीच्या परवान्याच्या) वेळचं, म्हणजे ऑल इंडिया बार एक्झाम, १०० प्रश्न, ती देऊनच आपली सनद पक्की झालेली असते. मग ही टेस्ट सिरीज कशाची म्हणून उघडली तर पहिल्याच पानावर "नोटरीसाठी किती तासांचं ट्रेनिंग अनिवार्य आहे?" आणि बरोबर उत्तर, सहा तास. अहो सहा तासांचं ट्रेनिंग कॅलिफोर्नियात असतं! तिकडे नोटरीला वकील असावं लागत नाही, वय १८ पूर्ण, सहा तासांचा मान्यताप्राप्त कोर्स, परीक्षेत ७० गुण, १५,००० डॉलरचा बाँड (हमीपत्र), मग चार वर्षांची नेमणूक. त्यांच्या जागी ते ठीकच आहे, त्यांच्या नोटरीचं काम मुख्यतः समोरच्या माणसाची ओळख तपासून सहीला साक्ष राहायचं. पण या लोकांनी ते जसंच्या तसं उचलून मराठी करून टाकलंय आणि बाँडच्या स्लाइडवर तर कमालच, डॉलरचे रुपये केलेत पण आकडा तोच, १५,०००. मी आणि माझी मैत्रीण पोट धरून हसलो, मग पैसे आठवले.

बरं, हसण्यावारी न्यायची गोष्ट वेगळी आणि नुकसान करणारी वेगळी. पात्रतेच्या व्हिडिओत सर ठासून सांगतात "दहा वर्षं प्रॅक्टिस, सर्वांना सक्तीची". चूक आहे हे. दहा वर्षं सर्वसाधारण उमेदवाराला, पण महिला वकिलांना सात, आणि एससी, एसटी, ओबीसी उमेदवारांनाही सात. माझी सात उलटून गेलीत, म्हणजे नियमाने मी आज अर्ज करू शकते आणि यांच्या स्लाइडने नाही. खान्देशातल्या तालुका कोर्टांत आता किती मुली आहेत बघा, त्यातली एखादी हे ऐकून तीन वर्षं उगाच थांबली तर? कमेंटमध्ये १९५६ च्या नियमांतला पात्रतेचा नियम ३ टाकला, दोन दिवसांनी बघते तर कमेंटच गायब.

इथपर्यंत एकच स्टार देणार होते. पण रविवार भारी निघाला, खोटं कशाला बोलू.

सकाळच्या गाडीने जळगाव गाठलं, हॉलमध्ये एसी म्हणजे फक्त भिंतीवरचा डबा, मे महिना, त्यात जळगाव, पुढचं सांगायला नको. पण शिकवायला आले होते धुळ्याकडचे एक जुने नोटरी, बापू म्हणत होते सगळे त्यांना, आणि त्यांनी पीपीटी बाजूला सारून टेबलावर स्वतःचं रजिस्टरच उघडून ठेवलं. (नावांवर कागद लावलेले होते, तेवढी काळजी घेतली.) लांबलचक रकाने, अनुक्रमांक, तारीख, कागद कशाचा, कोणाचा, फी किती, मग सही आणि अंगठा. म्हणाले, "ताई, शिक्का कोणीबी मारी, नोटरी ओळखायचा तो रजिस्टरवरनं." मग एकेकाला उठवून एंट्री करायला लावली. माझ्या शेजारच्या पारोळ्याच्या पोराने आधी शिक्का मारला आणि मग रजिस्टरला नंबर टाकायला गेला, बापूंनी तिथेच हात धरला, आधी माणूस समोर, मग ओळखपत्र, मग कागद वाचून दाखवणं, मग सही, नंबर, शिक्का सगळ्यात शेवटी. शिक्काही कसाही चालत नाही, साधा गोल, ५ सेंटीमीटर व्यासाचा, त्यावर नाव, कार्यक्षेत्र, रजिस्ट्रेशन नंबर आणि कोणत्या सरकारने नेमलं ते. फीचे दर चेंबरच्या आत आणि बाहेर दोन्हीकडे लावायचे असतात, पावती द्यायची असते, आणि दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मागच्या वर्षीच्या कामाचं रिटर्न सरकारला पाठवायचं असतं. आमच्या कोर्टाच्या आवारात दरांचा बोर्ड मी अजून शोधतेय.

अर्जाबद्दलही बापूंनीच नीट सांगितलं. अर्ज म्हणजे नुसता फॉर्म नाही, त्यावर मॅजिस्ट्रेट, राष्ट्रीयीकृत बँकेचा मॅनेजर, एक व्यापारी आणि भागातले दोन प्रतिष्ठित रहिवासी अशा सह्या लागतात, म्हणजे गावात तुम्हाला कोण ओळखतं याचीच परीक्षा म्हणा ना. केंद्राकडूनही नेमणूक होते आणि राज्याकडूनही, सर्टिफिकेट पाच वर्षांचं, मग नूतनीकरण. २०२४ मध्ये केंद्राने महाराष्ट्रात एकदम हजारो नोटरी नेमले, तेव्हा "नोटरी झालं की घरबसल्या कमाई" हे जे जाहिरातीत लिहिलंय त्यावर बापू नुसते हसले.

जेवण मस्त. शेवभाजी झणझणीत, कळण्याची भाकरी, वर ठेचा. हा एक स्टार वेगळा द्यायला हवा होता.

तक्रार रविवारबद्दल एकच, पण मोठी. नोटरीने काय करायचं नाही, हा भाग शेवटच्या पंधरा मिनिटांत उरकला, अर्धे लोक तोवर बॅगा आवरत होते. आपल्याकडे खरा घोळ तिथेच आहे. रोजची कामं साधी असतात, सातबाऱ्यावर एक नाव आणि आधारवर दुसरं, वारसाचं प्रतिज्ञापत्र, कॉलेजला गॅप सर्टिफिकेट, आणि समोर कोणीतरी काका घाईत, "मन्हं काम पटकन करी द्या ना, बस निंघी जाई." पण त्याच रांगेत प्लॉट नोटरी करून विकत घेणाराही उभा असतो, आणि त्याला कोणी सांगत नाही की शंभर रुपयांच्या वरची जमीन-घर नुसत्या नोटरीने नावावर होत नाही, रजिस्ट्री लागते, १९०८ चा नोंदणी कायदा आहे तो. भाड्याचंही तेच, महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाड्याचा करार, रजिस्टर करणं घरमालकाची जबाबदारी आहे, ११ महिन्यांचं असलं तरी. नोटरीच्या कागदावर लग्न किंवा घटस्फोट लावणारे तर अजून आहेत, तो कागद कितीही लाल शिक्क्यांनी भरला तरी लग्न त्याने होत नाही आणि मोडतही नाही. यावर निदान दोन तास हवे होते, पक्षकाराला नाही कसं म्हणायचं याची प्रॅक्टिस करून घ्यायला हवी होती, कारण कागद परत पाठवला की तो माणूस शेजारच्या टेबलावर जातो आणि तुमची फीपण जाते.

पीडीएफचं म्हणाल तर निम्मी अमेरिका, निम्मा बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे कायद्याचा नुसता मजकूर, तोही ओसीआर (स्कॅनवरून मशीनने अक्षरं ओळखून) करून टाकलेला, "शपथ"च्या जागी जागोजागी "शपय". टेस्ट सिरीजचे पैसे परत मागितले, व्हॉट्सअ‍ॅपवर आधी "मॅडम लवकरच कळवतो", मग हात जोडलेला इमोजी, मग काहीच नाही.

तर ज्यांची सात किंवा दहा वर्षं भरत आलीत त्यांनी व्हिडिओ-पीडीएफसाठी हा कोर्स अजिबात घेऊ नका, कायदा आणि नियम नेटवर फुकट आहेत. रविवार सुटा विकायला लागले तर हजार रुपयांपर्यंत डोळे झाकून द्या, पण आधी फोन करून विचारा की बापूच येणार आहेत का, कारण पुढच्या बॅचला दुसरे कोणी आहेत असं ऐकलंय. आणि हो, हातरुमाल दोन न्या.