कोलेस्टेरॉलची गोळी चालू असताना दुखण्यावर काय घ्यावं: पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक की नुसतं जेल?

मेडिकलच्या काउंटरवर हा प्रश्न बहुतेक वेळा असा येतो: ‘रोसुवास्टॅटिन चालू आहे, त्यावर ही दुखण्याची गोळी चालेल ना?’ फक्त स्टॅटिनचा, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या या गटाच्या औषधाचा, विचार केला तर जवळजवळ सगळ्याच चालतात. नेहमीच्या डोसमध्ये अटोर्वास्टॅटिन किंवा रोसुवास्टॅटिनचं यांतल्या कुठल्याच गोळीशी थेट भांडण नाही. अडचण वेगळीच असते. स्टॅटिन ज्यासाठी सुरू झालं ते हृदय, त्यासोबतचं बीपी आणि साखर, वय झालेली किडनी, आणि स्टॅटिनच्या शेजारीच बसलेली दुसरी औषधं. म्हणून आधी आपलं पाकीट नीट वाचा. ‘इकोस्प्रिन एव्ही 75/10’ ही अनेकांच्या लेखी ‘कोलेस्टेरॉलची कॅप्सूल’ असते. त्यातलं 10 म्हणजे अटोर्वास्टॅटिन, पण 75 म्हणजे अ‍ॅस्पिरिन. काही कॅप्सूलमध्ये क्लोपिडोग्रेलही असतं. दोन्ही रक्ताची गाठ रोखणारी औषधं. पेनकिलरची निवड इथूनच बदलते.

त्याहीआधी दुखतंय ते स्टॅटिनमुळे तर नाही ना, हे पाहायला हवं. स्टॅटिनचं दुखणं सहसा दोन्ही बाजूंना सारखं असतं: मांड्या, कुल्ले, खांदे, पोटऱ्या. औषध सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही आठवड्यांत ते येतं. एकच गुडघा आणि तोही जिना उतरताना दुखत असेल, तर स्टॅटिनवर आळ घेऊ नका. तसाही हा आळ गरजेपेक्षा जास्त घेतला जातो. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सॅमसन’ अभ्यासात स्टॅटिन सोसत नाही म्हणून ते सोडून दिलेले 60 जण होते. कुठल्या महिन्यात स्टॅटिन आणि कुठल्या महिन्यात नकली गोळी, हे त्यांना सांगितलं नव्हतं. स्टॅटिनच्या महिन्यात जो त्रास झाला, त्याच्या सुमारे 90 टक्के नकली गोळीच्या महिन्यातही झाला. म्हणून मनाने औषध बंद करू नये. पण दोन्ही मांड्या सतत भरून येत असतील, तर पेनकिलरने ते दडपण्याऐवजी डॉक्टरांना सांगून सीपीके (स्नायूंना इजा झाली की वाढणारा रक्तातला घटक) तपासून घ्यावं. सोबत प्रचंड अशक्तपणा आणि लघवी कोऱ्या चहासारखी, असं असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. अटोर्वास्टॅटिन चालू असताना कोणी क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचा कोर्स दिला असेल किंवा गाऊटसाठी कोल्चिसिन चालू असेल, तर स्नायूंना इजा होण्याची शक्यता आणखी वाढते.

दुखणं स्टॅटिनचं नाही हे ठरलं की मग निवड.

पॅरासिटामॉल हा पहिला आणि बहुतेकांसाठी पुरेसा पर्याय. ते पोटाला त्रास देत नाही, रक्त पातळ करत नाही आणि अ‍ॅस्पिरिनच्या कामात आड येत नाही. 650 ची गोळी सहा तासांच्या अंतराने दिवसात चार वेळा घेतली तर 2.6 ग्रॅम होतात. धडधाकट माणसाला 24 तासांत 4 ग्रॅम ही शेवटची हद्द. रोज दारू घेणारे, लिव्हरचा आजार असलेले, वजन खूप कमी असलेले, यांनी 2 ग्रॅमच्या आत राहावं. चूक होते ती बेरजेत. तापासाठी 650 ची गोळी, सर्दीच्या गोळीत 500, आणि पाठीसाठी कॉम्बिफ्लॅम, तिच्यात 325. तिन्ही दिवसातून तीनदा घेतल्या की 4,425 मिलीग्रॅम झाले, आणि घेणाऱ्याला वाटतं आपण पॅरासिटामॉल ‘एकच’ घेतोय. जास्त डोसमध्ये त्याचा विषारी अंश निकामी करणारं लिव्हरमधलं ग्लुटाथायोन संपतं आणि पेशी मरू लागतात. अशा वेळी लिव्हरच्या तपासणीत एसजीपीटी वाढलेलं दिसलं की खापर फुटतं स्टॅटिनवर, आणि गरजेचं औषध बंद होतं. पॅरासिटामॉल कमी पडतं ते सूज असलेल्या दुखण्यात. झिजलेल्या गुडघ्याला त्याने फार फरक पडत नाही, हे मान्य करायला हवं.

आयबुप्रोफेन सुजेवर चांगलं. पण अ‍ॅस्पिरिन चालू असणाऱ्यांनी इथे थांबावं. प्लेटलेटमध्ये दोघांची बसायची जागा एकच. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरावी तसं आयबुप्रोफेन आधी जाऊन जागा अडवतं. ते काही तासांनी उठतं, पण तोवर अ‍ॅस्पिरिन रक्तातून निघून गेलेलं असतं. रक्ताची गाठ रोखायचं त्या दिवसाचं काम राहून जातं. साधं अ‍ॅस्पिरिन असेल तर ते आधी घेऊन निदान अर्ध्या तासाने आयबुप्रोफेन घ्यावं, किंवा अ‍ॅस्पिरिनच्या आठ तास आधी. पण आपल्याकडच्या 75 च्या गोळ्यांवर बहुधा आवरण असतं. त्या आतड्यात जाऊन उशिरा विरघळतात, त्यामुळे हे गणित तिथे चालत नाही. कधीतरी एखादी 400 ची गोळी घेतल्याने आकाश कोसळत नाही. रोज घ्यायची वेळ आली तर मात्र दुसरा पर्याय शोधावा. नॅप्रोक्सेन हृदयाच्या बाबतीत त्यातल्या त्यात बरं मानतात, पण पोटातल्या रक्तस्रावाचा धोका त्यात जास्त. अ‍ॅस्पिरिनसोबत तर आणखीच.

डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि एटोरिकॉक्सिब या आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या गोळ्या, आणि नेमक्या याच स्टॅटिनवाल्यांच्या वाट्याला येतात. ज्यांना हार्ट अटॅक, अँजिओप्लास्टी किंवा पक्षाघात होऊन गेलाय त्यांना डायक्लोफेनॅक देऊ नये, असं युरोपच्या औषध नियामकाने 2013 मध्येच सांगितलं. अ‍ॅसिक्लोफेनॅकलाही तिकडे तेच निर्बंध आहेत, कारण शरीरात त्याचा काही भाग डायक्लोफेनॅकच होतो. एटोरिकॉक्सिब पोटाला सौम्य म्हणून आवडतं, पण बीपी वाढवतं. बीपी औषध घेऊनही 140/90 च्या वर राहत असेल तर ते घ्यायचंच नाही. स्टेंट बसवलेल्याला यांतलं कुठलंही देताना आमचं मत ‘नाही’ असंच आहे, मग कोर्स पाच दिवसांचा का असेना. धोका वाढायला महिने लागत नाहीत, पहिल्या काही आठवड्यांतही तो दिसतो.

किडनीचा मुद्दा या सगळ्या सूज कमी करणाऱ्या गोळ्यांना लागू. (जनावरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकने गिधाडं किडनी निकामी होऊन मेली. म्हणूनच 2006 मध्ये भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली.) माणूस गिधाडाइतका नाजूक नाही. पण टेल्मिसार्टन 40 आणि हायड्रोक्लोरोथायझाइड 12.5 एकत्र असलेली बीपीची गोळी, वर डायक्लोफेनॅक, आणि त्यात जुलाब किंवा निर्जळी उपवास, एवढं जमलं की दोन-तीन दिवसांत क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात वाढणारा घटक) चढू शकतं. रोसुवास्टॅटिन घेणाऱ्यांना याचा दुहेरी फटका. किडनीचं काम खूप घटलं की ते रक्तात साठतं, आणि क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या वेगाचं माप, 30 च्या खाली गेल्यास त्याचा डोस 10 मिलीग्रॅमच्या वर नेत नाहीत.

डायक्लोफेनॅकचं जेल मात्र वेगळा हिशेब. जेलमधून औषध रक्तात पोचतं ते गोळीच्या मानाने सुमारे 6 टक्के. गुडघा, मनगट, बोटांचे सांधे यांवर ते खरंच काम करतं. कंबर आणि खुब्यापर्यंत ते पोचत नाही. ‘जेलने काही होत नाही’ म्हणणारे बहुधा वाटाण्याएवढं लावतात. एका वेळी 2 ते 4 ग्रॅम लागतं, म्हणजे बोराएवढं ते अक्रोडाएवढं, दिवसातून तीन-चार वेळा. या हिशेबाने 30 ग्रॅमची ट्यूब एका गुडघ्यावर तीन-चार दिवसांत संपायला हवी. महिनाभर पुरली तर डोसच पोचलेला नाही. लावल्यावर वरून शेक देऊ नका, घट्ट पट्टी बांधू नका. किडनी नाजूक असेल तर जेलही विचारूनच.

ट्रामाडॉल या अफूच्या गटातल्या पेनकिलरचं हृदयाशी वाकडं नाही, पण झोप, मळमळ, बद्धकोष्ठ आणि सवय लागण्याची भीती आहेच. ते चिठ्ठीशिवाय नको. आणि गुग्गुळ ‘आयुर्वेदिकच तर आहे’ म्हणून स्टॅटिनसोबत सुरू करू नये. गुग्गुळाने स्नायूंना इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

पेनकिलरमुळे जळजळ होते म्हणून घेतलेल्या अँटासिडचंही सांगायला हवं. अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमवाल्या पातळ अँटासिडसोबत घेतलं तर रोसुवास्टॅटिन निम्मंच रक्तात उतरतं. रोसुवास्टॅटिन आधी, अँटासिड दोन तासांनी.