एल्कसाठी ठासणीची बंदूक: आधी गोळी ठरवा, मग नळी

कोलोरॅडोत दर सप्टेंबरच्या मध्यावर नऊ दिवसांचा एक हंगाम ठासणीच्या बंदुकांसाठी राखलेला असतो. एल्क (सांबरासारखं, पण त्याहून मोठं जनावर) माजावर आलेले असतात, नरांच्या लांब शिळा पहाटे दरीभर ऐकू येतात, आणि आधुनिक रायफलींचा मोठा हंगाम अजून महिनाभर लांब असतो. एल्कचं हे लायसन्स सोडतीतूनच मिळतं आणि अर्जाची मुदत एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी संपते. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी जे शिकारीकडे वळले आहेत, त्यांना लायसन्स लागलं की पहिला प्रश्न पडतो तो ‘बंदूक कुठली घेऊ?’ हा. माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा. आधी राज्याचा नियम, मग गोळी, गोळीला मानवेल अशी नळी, आणि ती नळी ज्या बंदुकीला असेल ती बंदूक. उलट्या क्रमाने गेलेल्याच्या हाती चांगली पण त्या राज्यात न चालणारी, किंवा चालणारी पण हवी ती गोळी सरळ न फेकणारी बंदूक येते.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या ठासणीच्या बंदुका अजून आहेत, पण तो विषय वेगळा. इथे मी फक्त रॉकी पर्वतातल्या एल्कबद्दल बोलतो आहे. नर एल्क सरासरी सव्वातीनशे किलो भरतो, मादी सव्वादोनशेच्या आसपास. अंग रुंद, खांद्याचं हाड जाड. गोळी थिटी पडली तर जनावर जखमी होऊन दोन डोंगर ओलांडतं आणि कुणाच्याच हाती लागत नाही. पुढची सगळी तुलना मी हे टाळण्याच्या दृष्टीनेच केली आहे.

नियम काय सांगतो

कोलोरॅडोत एल्क आणि मूससाठी नळीचा व्यास किमान .५० इंच लागतो. हरणाला .४० चालतो, एल्कला नाही. म्हणून हल्ली गाजत असलेल्या वेगवान .४५ बंदुका इथे एल्कसाठी बाद. .५० पर्यंतच्या नळीत गोळी किमान १७० ग्रेन (साधारण ११ ग्रॅम) वजनाची हवी, त्याहून मोठ्या नळीत २१० ग्रेनची. निमुळत्या गोळीची लांबी तिच्या व्यासाच्या दुपटीपेक्षा जास्त असता कामा नये. गोळीला प्लास्टिकचं वेष्टन घालणारा सॅबो चालत नाही. दारू सुटीच भरायची. दाबून केलेल्या वड्या चालत नाहीत आणि आधुनिक काडतुसांतली स्मोकलेस पावडरही नाही. दुर्बीण नाही, बॅटरीवर चालणारं काही नाही. उघडी साइट किंवा बारीक छिद्राची पीप साइट चालते, तिला फायबर ऑप्टिकचा ठिपका असला तरी चालतो. बंदूक मात्र आधुनिक इनलाइन (पेटवणी थेट दारूच्या मागे असलेली) असली तरी हरकत नाही.

आयडाहो यापुढे जातं. तिथल्या ठासणीच्या हंगामात घोडा बाहेर दिसणारा आणि हलणारा हवा, पेटवणी चकमकीने किंवा कॅपने (घोडा पडला की ठिणगी देणारी छोटी टोपी), आणि शॉटगनच्या काडतुसातला पेटवणीचा २०९ प्रायमर बंद. म्हणजे कोलोरॅडोत बिनतक्रार चालणारी बंदूक आयडाहोत नेली तर नियमभंग होतो. सीव्हीए कंपनी खास त्या पट्ट्यासाठी ‘नॉर्थवेस्ट’ नावाची मॉडेलं काढते, ती यामुळेच. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांना मनाई आहे, तिथे तांब्याला पर्याय नाही. उलट कॅन्सससारख्या राज्यात दुर्बीण आणि सॅबो दोन्ही चालतात. तिथेच शिकार करणार असाल तर निमुळत्या गोळीची ही सगळी उठाठेव करायची गरज नाही.

नियम बदलत राहतात. ज्या वर्षी जाणार त्या वर्षीची पुस्तिका वाचूनच पैसे खर्च करा.

गोल गोळी की निमुळती

तेलकट चिंधीत बसवलेली शिशाची गोल गोळी स्वस्त असते, भरायला सोपी असते आणि जवळून फार नेमकी लागते. .५० च्या नळीतली गोल गोळी साधारण १७७ ग्रेनची, म्हणजे साडेअकरा ग्रॅम. कोलोरॅडोच्या नियमात ती जेमतेम बसते. तिची अडचण हवेत आहे. नळीतून सेकंदाला १९०० फूट वेगाने सुटलेली गोल गोळी १०० यार्डांवर पोचेपर्यंत ११००-१२०० फुटांवर येते. ३८५ ग्रेनची निमुळती गोळी सुटतेच १४०० च्या आसपास, पण १०० यार्डांवर तिचा वेगही गोल गोळीइतकाच उरलेला असतो आणि वजन दुपटीहून जास्त. म्हणजे त्या अंतरावर तिचा जोर दुप्पट.

हरणासाठी .५० ची गोल गोळी मी निःशंक सांगेन. एल्कसाठी नाही. ती अनेकदा पलीकडच्या कातडीखाली येऊन थांबते. आरपार भोक पडत नाही आणि रक्ताचा माग धड मिळत नाही. गोल गोळीच हवी असा आग्रह असेल तर .५४ घ्या, तिचं वजन सव्वादोनशे ग्रेनच्या आसपास जातं, आणि ६०-७० यार्डांच्या पुढे चाप ओढू नका.

निमुळत्या गोळीचा दोष मात्र कुणी पुरेसा स्पष्ट सांगत नाही. चिंधी गोल गोळीला नळीत घट्ट धरून ठेवते. सैल बसलेली निमुळती गोळी बंदूक खाली तोंड करून डोंगर चढता-उतरताना दारूपासून हळूहळू पुढे सरकते. दारू आणि गोळी यांच्यात पोकळी राहिली आणि बार उडवला, तर नळी फुगते किंवा फाटते. यावर उपाय साधा आहे: गोळी पूर्ण बसल्यावर नळीच्या तोंडाशी गजावर (गोळी ठासायच्या काठीवर) खूण करा आणि दिवसभरात पुन्हा पुन्हा गज घालून ती खूण तपासा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे गोळी मुळातच घट्ट बसणारी निवडा. सगळ्या .५० नळ्या सारख्या नसतात. एखाद-दोन सहस्रांश इंचाचा फरक असतोच. नुसत्या अंगठ्याने ढकलून खाली घसरणारी गोळी त्या नळीची नव्हेच.

निमुळत्या गोळ्यांमध्ये

जुन्या घराण्यातल्या दोन गोळ्या नावाजलेल्या आहेत: थॉम्पसन सेंटरची ३७० ग्रेनची मॅक्सी-बॉल आणि हॉर्नडीची ३८५ ग्रेनची ग्रेट प्लेन्स. दोन्ही मऊ शिशाच्या, अंगावर वंगणाच्या खाचा असलेल्या. भरताना नळीच्या आट्यांत (आतल्या पिळदार खाचांत) कोरल्या जातात, त्यामुळे सहसा सरकत नाहीत. एल्कसाठी माझी पहिली पसंती या जातीलाच. मंद आणि जड गोळी हाड मोडून पलीकडे निघते आणि वेगवान रायफलच्या गोळीसारखी मांसात चुरा होत नाही.

पॉवरबेल्ट नावाची गोळी भरायला सगळ्यात सोपी. गोळी नळीपेक्षा किंचित बारीक आणि बुडाला प्लास्टिकची टोपी. वायू अडवण्याचं काम ती टोपी करते. घाईत दुसरा बार भरायचा असेल तर हा मोठा फायदा आहे. पण तांब्याचा मुलामा पातळ आणि आत मऊ शिसं. वजनाने हलकी गोळी मोठ्या भरतीने जवळून खांद्यावर मारली तर ती आत जाण्याऐवजी पसरते, ही तक्रार शिकाऱ्यांमध्ये जुनी आहे. घ्यायचीच तर जड घ्या आणि दारू आवरती ठेवा.

ज्यांना हाताने काम करायला आवडतं त्यांच्यासाठी ली कंपनीचा ‘रिअल’ साचा आहे, .५० साठी २५० आणि ३२० ग्रेनचा. स्वतः ओतलेल्या गोळीने केलेल्या शिकारीचं समाधान वेगळं, हे मी मनापासून सांगतो. फक्त शिसं शुद्ध हवं. गाडीच्या चाकांना लावायच्या वजनांचं कडक शिसं नळीत दाबून बसत नाही आणि लागल्यावर फुलतही नाही. ओतकाम मोकळ्या हवेत करा, मुलांपासून लांब.

तांब्याची गोळी टिकाऊ असते, पण तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तितक्याच वजनाची गोळी लांब होते. कोलोरॅडोत .५० च्या गोळीला एक इंचाची मर्यादा आहे. जड तांब्याची गोळी घेण्याआधी मोजपट्टी लावून बघा.

पोकळ बुडाची मिनिये गोळी आपल्या वाचकांना एका वेगळ्या कारणाने जवळची आहे. क्लोद-एतिएन मिनिये या फ्रेंच अधिकाऱ्याने १८४९ मध्ये ती पुढे आणली. बार उडाला की बूड फुलून आट्यांत बसतं. १८५७ च्या उठावात ज्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून ठिणगी पडली, ती १८५३ च्या नमुन्याच्या एनफिल्ड रायफलची होती आणि आतली गोळी याच फुलणाऱ्या जातीची. एनफिल्डच्या प्रतिकृती आज मिळतात आणि .५७७ ची पाचशे ग्रेनच्या आसपासची गोळी एल्कला पुरून उरते. पण दारू वाढवली की बुडाची पातळ कड वाकते आणि नेम जातो. शिवाय बंदूक लांब आणि जड. इतिहासाची ओढ असेल तरच घ्या.

नळीचा पीळ

पीळ म्हणजे किती इंचांत नळीचे आटे एक पूर्ण वेढा घेतात. गोल गोळीला सावकाश पीळ लागतो, १:६० (साठ इंचांत एक वेढा) च्या आसपास. लांब गोळीला तेवढी फिरकी पुरत नाही. कमी फिरवलेल्या भोवऱ्यासारखी ती डगमगते आणि कागदावर आडवी लागते. तिला १:२८ ते १:३२ हवा. १:४८ हा मधला मार्ग, मॅक्सी-बॉलसारख्या आखूड गोळीला पुरतो, ४५०-५०० ग्रेनच्या लांब गोळीला बहुधा नाही.

लायमन कंपनीने एकाच चेहऱ्याच्या दोन बंदुका काढल्या होत्या. ‘ग्रेट प्लेन्स रायफल’चा पीळ १:६०, ‘ग्रेट प्लेन्स हंटर’चा १:३२. वापरलेली बंदूक घेताना नाव नीट वाचलं नाही तर निमुळत्या गोळीसाठी नेमकी चुकीची नळी घरी येते. विकणाऱ्यालाही कित्येकदा फरक माहीत नसतो. गजाला घट्ट चिंधी लावून आत ढकला, गज किती इंचांत एक फेरा घेतो ते मोजा.

साइडलॉक की इनलाइन

आता बंदूक. बाजूला घोडा असलेली साइडलॉक, लाकूड आणि पितळ. १९७० मध्ये आलेली थॉम्पसन सेंटरची हॉकेन ही तिची सगळ्यांना ठाऊक असलेली ओळख. पीळ १:४८. तिचं उत्पादन बंद झालंय, पण चांगल्या अवस्थेतल्या वापरलेल्या बंदुका मिळतात. नळीत गंज खाल्लेले खड्डे असतील तर स्वस्तात मिळाली तरी नको. आयडाहोला साइडलॉक सरळ चालते. पावसात मात्र कॅपवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं लागतं.

इनलाइनमध्ये पेटवणी थेट दारूच्या मागे. १९८५ साली टोनी नाइट यांच्या एमके-८५ ने ही पद्धत लोकप्रिय केली. आजच्या सीव्हीएच्या वुल्फ, ऑप्टिमा, अक्युरा या .५० बंदुकांचा पीळ १:२८, म्हणजे निमुळत्या गोळीसाठी तयारच. २०९ प्रायमर झाकलेला, ओलाव्यात भरवशाचा, आणि नळीचं मागचं बूच, म्हणजे ब्रीच प्लग, काढून नळी आरपार साफ करता येते. यातली वुल्फ सगळ्यात स्वस्त, आणि पहिल्या एल्कसाठी ती पुरेशी आहे. जास्तीचे पैसे अक्युरावर घालण्यापेक्षा सरावाच्या दारू-गोळीवर घाला. विकत घेताना एवढं पाहा: काही मॉडेलं दुर्बिणीसकटच विकली जातात आणि नळीवर माशी (पुढची साइट) किंवा मागची साइट नसतेच. ती कोलोरॅडोत कामाची नाहीत.

चाळिशी ओलांडलेल्यांनी पीप साइट बसवून घ्यावीच. मागची साइट, माशी आणि जनावर या तिन्हींवर डोळा एकाच वेळी ठरत नाही. छिद्रातून बघितलं की माशीवर लक्ष ठेवणं पुरतं.

दारूचं थोडक्यात: ट्रिपल सेव्हन ही पर्यायी दारू साध्या काळ्या दारूपेक्षा जोरकस आहे, त्याच मापाला साधारण १५ टक्के कमी भरा. ब्लॅकहॉर्न २०९ या दुसऱ्या पर्यायी दारूला २०९ प्रायमरच लागतो, म्हणजे आयडाहोत ती बाद. कुठलीही दारू आणि कॅप विमानात नेता येत नाहीत, सामानातसुद्धा नाही. बाहेरून येणाऱ्यांनी पोचल्यावर विकत घ्यायची तयारी ठेवावी.

एच-१बी वर असलेल्यांसाठी एक गोष्ट. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात काडतूस न घेणारी, काळ्या दारूवर चालणारी ठासणीची बंदूक ‘अँटीक’ गटात मोडते आणि बिगर-स्थलांतरित व्हिसावरची बंदूकबंदी तिला लागत नाही. पण ज्या सांगाड्यावर काडतुसाची नळीही बसते, उदाहरणार्थ थॉम्पसन सेंटरची एन्कोर, ती या सवलतीत नाही. राज्यांचे कायदे वेगळे आहेत, व्हिसा पणाला लावण्याआधी वकिलाला विचारा. १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला कोलोरॅडोत हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र लागतं, आणि रानात ५०० चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडा, डोक्यावरच्या टोपीसकट.

फक्त कोलोरॅडो डोळ्यांसमोर असेल, तर वुल्फ किंवा ऑप्टिमा, पीप साइट आणि ३८५ ग्रेनची मऊ शिशाची गोळी, ८०-९० ग्रेन सुटी दारू. बंदुकीच्या पुस्तिकेतली मर्यादा मात्र ओलांडायची नाही. आयडाहोही करायचं असेल तर नॉर्थवेस्ट मॉडेल किंवा १:४८ ची हॉकेन आणि मॅक्सी-बॉल. दोन्हींत अंतर १०० यार्ड. बंदूक १०० वर जुळवली असेल तर १५० यार्डांवर ही गोळी दहा इंच ते फूटभर खाली जाते, आणि उघड्या साइटने उतारावरचं अंतर इतकं नेमकं ओळखणारे फार थोडे. जुलैपासून रेंजवर जा. पहिला बार स्वच्छ, थंड नळीतून कुठे लागतो तो वेगळा टिपून ठेवा, कारण एल्कवर सुटणारा बार तोच असतो.