शंभर मण्यांची लाकडी पाटी: मोजायला शिकणाऱ्या मुलांसाठी

दहा तारा आणि प्रत्येक तारेवर दहा मणी असलेली ही लाकडी पाटी आम्ही जळगावच्या फुले मार्केटमधून साडेचार वर्षांच्या मुलीसाठी घेतली. वीसपर्यंतचे अंक तिला तोंडपाठ होते. मात्र भरितासाठी आणलेली वांगी मोजताना एकाच वांग्यावर दोनदा बोट पडायचे, एखादे सुटून जायचे आणि ‘किती झाली?’ असे विचारले की ती पुन्हा एकपासून सुरुवात करायची.

पाटी उपयोगी पडली ती इथे. मोजलेला मणी सरकून दुसऱ्या बाजूला जातो, त्यामुळे काय मोजले आणि काय उरले हे डोळ्यांसमोर राहते आणि एका मण्याला एकच अंक ही सवय न सांगता अंगवळणी पडते. शेवटी उच्चारलेला अंक हीच एकूण संख्या, हे मात्र पाटी आपोआप शिकवत नाही. त्यासाठी मोठ्या माणसाने शेजारी बसून, सरकवलेल्या मण्यांवरून हात फिरवत ‘हे सगळे मिळून सात’ असे पुन्हा पुन्हा म्हणावे लागते.

एकवीस-बावीस म्हणताना सुटे आधी येतात, तर एकोणतीस म्हणताना पुढच्या तिसाचा आधार घ्यावा लागतो. मुले इथे हमखास अडखळतात. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ असे वाचन आणले आणि त्यावर मोठा वाद झाला, तो याच संख्यानामांवरून. पाटीवर तीन तारा पूर्ण सरकवून शेवटचा मणी मागे घेतला, की एकोणतीस समोर उभे राहतात. घोकंपट्टीपेक्षा हा मार्ग मला कितीतरी सरस वाटतो.

एक उणीव मात्र खटकते. प्रत्येक तारेवरचे दहाही मणी एकाच रंगाचे आहेत. लहान मूल तीन-चार वस्तू एका नजरेत ओळखते, त्यापुढे त्याला मोजावेच लागते. पाच मण्यांनंतर रंग बदलला असता, तर सात म्हणजे पाच आणि दोन हे न मोजताही कळले असते. आम्ही शेवटी प्रत्येक तारेवरच्या पाच मण्यांवर ठिपके काढले.

तारांची टोके घट्ट आहेत ना, हे दुकानातच ओढून पाहावे, कारण निसटलेला मणी तान्ह्या भावंडाच्या तोंडात जाऊ शकतो. कारखान्यात बनलेल्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. खोक्यावर ते तपासावे, आणि मिळत असेल तर पाच-पाच मण्यांच्या दोन रंगांचीच पाटी मागावी.