पत्र नोव्हेंबरचं, पासपोर्ट जानेवारीचा

तलाठी म्हणून मी ३१ वर्षं नोकरी केली. म्हणजे लोकांचे कागद वाचण्याचाच पगार घेतला. खरेदीखताची तारीख आणि फेरफाराची तारीख यांचा मेळ बसत नसेल, तर माणूस समोर उभा असतानाच माझं बोट त्या ओळीवर जायचं. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून ‘अडाणी माणूस असेल, म्हणून फसला’ असं कुणाला वाटायला नको.

माझ्या धाकट्या मुलीने २०२१ साली नीट, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेशाची परीक्षा, दिली. १ नोव्हेंबरला निकाल लागला, ७२० पैकी ३१४. त्या वर्षी खुल्या गटाची पात्रतेची रेषा १३८ होती. म्हणजे पोरगी पात्र, पण सरकारी कॉलेज मिळणार नाही, आणि खासगीची फी आमच्या सात पिढ्यांना झेपणारी नाही. लातूरच्या ट्यूशन एरियात दोन वर्षं खोली करून राहिली होती. निकालानंतर आठवडाभर तिने धड जेवणही केलं नाही. त्याच आठवड्यात मुलांना परदेशी डॉक्टरकीला पाठवणाऱ्या एजन्सीचे फोन सुरू झाले. त्यांना आमचा नंबर कुठून मिळाला, हे आजवर कुणी सांगितलेलं नाही. क्लासच्या फॉर्मवर मी पत्नीचा जास्तीचा नंबर लिहिला होता, दुसरीकडे कुठेच नाही, आणि फोन त्याच नंबरवर येत होते.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका हॉटेलच्या हॉलमध्ये सेमिनार होता. उपमा, चहा, पडद्यावर समुद्र आणि पांढऱ्या कोटातली मुलं. एजन्सीवाले सर पस्तिशीतले, स्वच्छ मराठी बोलणारे. फिलिपिन्स, बीएस अधिक एमडी (तिथे एमडी म्हणजे आपल्या एमबीबीएसच्या जागची पदवी), एकूण साडेपाच वर्षं, माध्यम इंग्रजी, हवामान आपल्या कोकणासारखं. मी उठून विचारलं, ‘‘मान्यता आहे का?’’ त्यांनी तिथल्या तिथे जगभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांची डिरेक्टरी उघडून कॉलेजचं नाव दाखवलं. ‘‘हे बघा भाऊसाहेब, जगाच्या यादीत आहे.’’

नाव होतंच. ते खोटं बोलले नव्हते. पण ती डिरेक्टरी फक्त एवढंच सांगते की असं कॉलेज आहे. गट नंबर आहे म्हणून जमीन निर्वेध होत नाही, हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो. सातबारा हातात आला की आधी इतर हक्काचा रकाना बघा, बोजा तिथे असतो. इथे मी तो रकाना कुठे असतो हेही विचारलं नाही. आपल्या नॅशनल मेडिकल कमिशनची परदेशी कॉलेजांची ‘मान्यताप्राप्त’ अशी यादीच नसते, हे मला दीड वर्षाने कळलं. कमिशन फक्त अटी सांगतं. तुमचं कॉलेज त्यांत बसतं की नाही, हे तुम्ही बघायचं.

मागच्या रांगेतून एकाने विचारलं, ‘‘नवे नियम आलेत म्हणे?’’ सर हसले. ‘‘आलेत, पण ते जुन्या मुलांना लागू नाहीत.’’ हॉलमध्ये सगळे सैलावले. वाक्य शंभर टक्के खरं होतं. फक्त त्या हॉलमध्ये जुना मुलगा एकही नव्हता.

परदेशात शिकून येणाऱ्या डॉक्टरांसाठीचे कमिशनचे हे नियम १८ नोव्हेंबर २०२१ला राजपत्रात आले होते, म्हणजे सेमिनारच्या जेमतेम दोन-तीन आठवडे आधी. जुनी मुलं म्हणजे त्या तारखेआधी प्रवेश घेतलेली.

प्रोसेसिंगचे दीड लाख रोख दिले. पहिल्या टप्प्याच्या फीसाठी वीस गुंठे विकले, उरलेलं बँकेचं शैक्षणिक कर्ज. पासपोर्टचा अर्ज डिसेंबरात केला, तो ६ जानेवारी २०२२ला निघाला. महिनाअखेरीला कॉलेजचं प्रवेश दिल्याचं पत्र आलं. रात्री जेवण झाल्यावर मी चष्मा लावून ते वाचायला बसलो आणि सवयीने बोट थांबलं. पत्राची तारीख १० नोव्हेंबर २०२१. खाली मुलीचं नाव, जन्मतारीख, आणि तिचा पासपोर्ट नंबर. जो पासपोर्ट १० नोव्हेंबरला जन्मालाच आला नव्हता.

लगेच फोन लावला. सर म्हणाले, ‘‘भाऊसाहेब, सगळ्यांना तशीच दिलीत. तारखेचं टेन्शन घेऊ नका, तुमच्याच फायद्याची आहे.’’ म्हणजे १८ तारखेच्या आधीची. मला ते समजलं. तलाठ्याला मागची तारीख समजावून सांगावी लागत नाही. अशी नोंद कुणी माझ्या हातून करून मागितली असती तर मी त्याला चावडीतून हाकललं असतं. पण त्या रात्री, खरं सांगतो, मला बरं वाटलं. आपला माणूस हुशार आहे, असं वाटलं. बायकोने विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही, टायपिंगची चूक आहे.

फसवणूक म्हणतात ती नेमकी कुठे झाली, असं मला कुणी विचारलं तर मी ती हॉलमध्ये झाली असं सांगत नाही. या रात्री झाली.

सुरुवातीचे महिने वर्ग ऑनलाइन, इथेच घरी. जून २०२२ला ती मुंबईहून गेली. तिथल्या मुली चांगल्या, भात-मासे खायला शिकली, बीएसचे पेपरही निघाले. त्यात जीवशास्त्र, रसायन, थोडं मानसशास्त्र. शरीरविच्छेदनाचं नाव नाही. मी विचारलं की म्हणायची, ‘‘बाबा, ते एमडीला असतं.’’ मला वाटायचं, असेल.

मे २०२३ला तिचा फोन आला. आधी तिने सांगितलं की एमडीला बसण्यासाठी एनमॅट नावाची तिथली प्रवेश परीक्षा आहे. ही परीक्षा माहितीपत्रकात नव्हती. मग थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, नांदेडचा एक सीनियर आहे, तो म्हणतो तुमच्या बॅचचं इंडियात काही खरं नाही.

ते राजपत्र मी त्या रात्री उतरवून घेतलं. मोजकी पानं, अर्ध्या तासात वाचून होतात. वैद्यकीय शिक्षण किमान ५४ महिन्यांचं हवं. आमच्या हातातल्या कागदावर एमडी चार वर्षांचं, म्हणजे ४८ महिने. बीएस हे तिथल्याच व्यवस्थेत एमडीच्या आधीचं पदवी शिक्षण, त्याला वैद्यकीय कसं म्हणणार? शिवाय त्याच परदेशी संस्थेत १२ महिने इंटर्नशिप हवी. आणि ज्या कलमाशी मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो ते असं, की पदवी ज्या देशाची, त्या देशात तिथल्या नागरिकाच्या बरोबरीने डॉक्टरकीचा परवाना मिळण्यास विद्यार्थी पात्र हवा. फिलिपिन्समध्ये परक्या देशाच्या माणसाला ही वाट सरळ नव्हती. तिथला जुना कायदा तेव्हा परस्पर सवलतीची भाषा करायचा, तुमचा देश आमच्या डॉक्टरांना घेत असेल तर आम्ही तुमचे घेऊ. हे सगळं पार पडलं, तरी परतल्यावर स्क्रीनिंग परीक्षा, ३०० प्रश्न, १५० बरोबर हवेत, आणि त्यानंतर इथे पुन्हा वर्षभर इंटर्नशिप. सेमिनारमध्ये या सगळ्याला ‘एक छोटी एक्झाम’ म्हटलं होतं.

सरांना फोन केला. आता सूर वेगळा. ‘‘बीएस धरून साडेपाच वर्षं होतात की.’’ मी कलम वाचून दाखवलं. मग म्हणाले, दुसऱ्या देशात ट्रान्सफर करून देतो, थोडा फरक भरावा लागेल. तोवर मी पुढचं वाचलं होतं. पूर्ण अभ्यासक्रम एकाच संस्थेत व्हावा लागतो. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा प्रोसेसिंग. मी ‘तारखेचं काय’ म्हटल्यावर त्यांनी फोन ठेवला. त्या नंबरवर नंतर रिंग जायची, उचलायचं कुणी नाही.

पोलीस ठाण्यात ऐकून घेतलं आणि दिवाणी बाब आहे म्हणाले. पावती ‘सल्ला सेवा’ अशी होती आणि रोख दीड लाखांपैकी तिच्यावर चाळीस हजारच. एका इंग्रजी फॉर्मवर मी सही केलेली निघाली, मायदेशातल्या मान्यतेची जबाबदारी विद्यार्थ्याची. बारीक अक्षरात, पण होती. शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. कुणाचं असं झालं असेल तर थांबू नका, कारण घडल्यापासून दोन वर्षांत जावं लागतं, आणि सल्ला देणारे दोस्त त्यातलं एक वर्ष सहज खातात. आमची तारीख पडते, सर येत नाहीत, पुढची पडते. वकिलांनी पासपोर्ट आणि पत्र शेजारी शेजारी ठेवून बघितलं आणि मला विचारलं, ‘‘हे तुम्हाला तेव्हाच दिसलं होतं का?’’ मी हो म्हणालो. त्यांनी पेन खाली ठेवलं.

पोरगी ऑगस्टमध्ये परत आली. आता बी.फार्म करते. हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला जातो.

गेल्या महिन्यात गल्लीतले एक गृहस्थ फाईल घेऊन आले. मुलगा बारावी झालेला, देश दुसरा, एजन्सी दुसरी. ‘‘भाऊसाहेब, तुम्ही कागदातले, जरा नजर टाका.’’ मी त्यांना एकच सांगितलं, की एजन्सीकडून नाही, कॉलेजकडून लेखी आणा: इथून शिकलेल्या भारतीयाला याच देशात इथल्या नागरिकासारखा परवाना मिळतो का, आणि एकूण महिने किती, त्यातले वैद्यकीय किती. ते म्हणाले, विचारतो. मग मी पत्र हातात घेतलं, तारीख बघितली आणि मुलाचा पासपोर्ट मागितला.

‘‘तो अजून यायचाय,’’ ते म्हणाले. ‘‘पण सर म्हणालेत, तारखेचं टेन्शन घेऊ नका.’’