लाइट गेली तरी चालतंय: रास्पबेरी पाय ३ वर अल्पाइन लिनक्स, आठ महिन्यांनंतर

कऱ्हाडच्या आमच्या घरी पावसाळ्यात दिवसातून किती वेळा लाइट जाते हे मोजणं मी कधीच सोडलं. इन्व्हर्टर आहे, पण तो पंखे आणि ट्यूबपुरता. टीव्हीखालच्या कपाटातला रास्पबेरी पाय ३ बी, म्हणजे तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर, त्यावर नाही. बाबांच्या जुन्या कॅसेटी मी कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या होत्या, ती गाणी हा पाय एमपीडी या गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रॅममधून अॅम्प्लिफायरवर वाजवतो आणि सकाळी सहाला आईसाठी भूपाळी लावतो. एवढंच त्याचं काम. एवढ्या कामासाठी दीड वर्षात दोन मेमरी कार्डं गेली. नेहमीची सिस्टीम कार्डावर सतत काहीतरी लिहीत असते, निदान लॉग, म्हणजे स्वतःच्या कामाच्या नोंदी, तरी. नेमकं लिहिताना लाइट गेली की पुढच्या वेळी पडद्यावर नुसत्या एररच्या ओळी.

जानेवारीत तिसरं कार्ड आणलं आणि त्यावर अल्पाइन लिनक्स ही छोटेखानी ऑपरेटिंग सिस्टीम (आवृत्ती ३.२१) टाकली, डिस्कलेस पद्धतीने. म्हणजे सुरू होताना अख्खी सिस्टीम कार्डावरून रॅममध्ये येते आणि तिथेच राहते. कार्ड फक्त वाचण्यापुरतं. लाइट कधीही जाऊ दे, कार्डावर अर्धवट लिहिलेलं काही नसतंच.

टाकणं अगदी सोपं. शंभर एमबीच्या आतबाहेरची फाइल उतरवायची, एफएटी३२ केलेल्या कार्डावर उलगडायची, रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून पासवर्डशिवाय आत जायचं आणि 'सेटअप-अल्पाइन' चालवायचं. कीबोर्ड, नेटवर्क, टाइमझोन असे प्रश्न येतात, उत्तरं देत जायचं. पॅकेजची (प्रोग्रॅमची) कॅशे, म्हणजे उतरवलेल्या प्रती, मात्र कार्डावरच ठेवायला सांगा, नाहीतर नेट नसताना सुरू झाला तर एमपीडीच सापडत नाही.

खरी परीक्षा त्यानंतर. रॅममधलं सगळं बंद झाल्यावर पुसलं जातं, म्हणून जे टिकायला हवं ते एलबीयू या अल्पाइनच्या जतन करणाऱ्या साधनाने 'एलबीयू कमिट' म्हणून कार्डावर लिहावं लागतं. मी पहिल्या रविवारी चार तास खपून सगळं बसवलं, गाणी वाजली, खूश होऊन वायर काढली. परत लावली तर समोर कोरी पाटी. कमिट केलंच नव्हतं. दुसऱ्यांदा आठवणीने केलं, तरी एसएसएचची (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून पायमध्ये शिरायची) किल्ली गायब आणि एमपीडीची गाण्यांची यादी रिकामी. एलबीयू आपणहून फक्त 'ईटीसी' या सेटिंगच्या फोल्डरमधलं जपतं. किल्ली होती रूटच्या होम फोल्डरमध्ये, यादी 'व्हार' फोल्डरमध्ये. दोन्ही जागा 'एलबीयू इन्क्लूड'ने सांगितल्यावर मिटलं. माहितीच्या पानांवर हे स्पष्ट लिहिलेलं आहे. मी वाचलं नव्हतं.

आता घड्याळाची गोष्ट. पाय ३ वर बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही, सुरू झाला की वेळ नेटवरून घेतो. फेब्रुवारीत एका रात्री साडेदहाला लाइट गेली, अकराला आली, पण केबलवाल्याचं नेट काही आलं नाही. आम्ही झोपलो. साडेअकराला हॉलमधून मोठ्या आवाजात भूपाळी सुरू. आई दचकून उठली. मला म्हणाली, "अरे, आज उजाडलं कसं एवढ्यात?"

बंद करायला गेलो आणि सहज तारीख बघितली. १ जानेवारी १९७०, गुरुवार, सकाळचे सहा. लिनक्सचं घड्याळ १९७० च्या मध्यरात्रीपासून मोजतं, पण ती ग्रीनिचची मध्यरात्र. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच. म्हणजे नेट नसेल तर लाइट आल्यावर बरोबर अर्ध्या तासाने आमच्याकडे सहा वाजणार! हसावं की रडावं कळेना.

हार्डवेअर घड्याळाच्या जागी अल्पाइनमध्ये 'एसडब्ल्यूक्लॉक' लावता येतं, पण ते शेवटची माहीत असलेली वेळ धरून पुढे चालतं. अचानक लाइट गेली तर तीही जुनीच. म्हणून शेवटी डीएस३२३१ या बॅटरीवर चालणाऱ्या घड्याळाचं छोटं मॉड्यूल आणलं, दोनशेच्या आतबाहेर पडलं. ते पिनांच्या टोकाला खोचलं, 'यूजरसीएफजी' या सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ टाकली, कमिट केलं. तेव्हापासून भूपाळी सहालाच.

बाकी तक्रारी किरकोळ. हेडफोनच्या भोकातून आवाजाला बारीक खरखर येते, ती पायचीच, अल्पाइनचा त्यात दोष नाही. यूएसबी साउंड कार्ड लावल्यावर गेली. आधी मोबाइलचा जुना चार्जर वापरत होतो तेव्हा लाल दिवा मधूनच विझायचा. व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की तो विझतो, हे कळल्यावर अडीच अँपिअरचा अॅडॉप्टर घेतला. पायथनचं काही टाकायचं असेल तर जपून: अल्पाइनमध्ये प्रोग्रॅम ज्यावर चालतात त्या नेहमीच्या जीलिबसी लायब्ररीच्या जागी मसल ही वेगळी लायब्ररी आहे, त्यामुळे काही पॅकेजं तयार मिळत नाहीत, पायवरच मूळ कोडमधून बांधावी लागतात, आणि १ जीबी रॅमवर ते काम बघत बसणं म्हणजे शिक्षा. डेस्कटॉप हवा असेल तर या वाटेला जाऊच नका.

माझ्या कामाला मात्र चोख. सगळं चालू असताना रॅम दीडशे एमबीच्या पुढे जात नाही. अडीच वॅट धरले तर महिन्याला दोन युनिटसुद्धा होत नाहीत. गाण्यांचा पेनड्राइव्हही फक्त वाचण्यापुरता लावलाय. नवीन गाणी टाकायची तेव्हा तेवढ्यापुरता उघडतो. मेअखेर अल्पाइन ३.२२ आली, ती जूनमध्ये घातली. अर्धा तास लागला, त्यातली वीस मिनिटं मी कार्ड लिहिण्यासाठी खुलं करायला विसरलो म्हणून.

जून ते ऑगस्ट लाइट जायची तेवढी गेली. कार्ड जानेवारीतलंच आहे. माझी सगळी सेटिंग 'एपीकेओव्हीएल' नावाच्या एका चिमुकल्या फाइलमध्ये मावते. तिची एक प्रत लॅपटॉपवर आहे आणि एक पुण्याच्या बहिणीकडे पेनड्राइव्हवर. व्हॉट्सअॅपवरच पाठवणार होतो, पण त्यात पासवर्डचे हॅश (सांकेतिक रूपं) असतात, म्हणून राखीला गेलो तेव्हा हातात दिली.