अमेरिकन लॉ स्कूलचा अ‍ॅकॅडेमिक सपोर्ट: सेवा चांगली, दार उशिरा उघडते

वर्गात शिकवायचे एक आणि परीक्षेत विचारायचे दुसरे, ही अमेरिकन लॉ स्कूलची जुनी खोड आहे. पहिले वर्षभर न्यायालयांच्या निकालपत्रांवर चर्चा चालते. सत्राअखेर मात्र कधी न पाहिलेली घटना पुढे टाकून ‘यातले कायदेशीर प्रश्न शोधा’ असे सांगतात. बऱ्याच विषयांत जवळजवळ सगळे गुण त्या एका पेपरवर असतात, शिवाय ते वर्गातल्या इतरांशी तोलून दिले जातात. ही फट बुजवायला अ‍ॅकॅडेमिक सपोर्ट प्रोग्रॅम, म्हणजे अभ्यासाची आणि उत्तरलेखनाची पद्धत शिकवणारे कार्यक्रम, आले.

सुरुवात झाली ती प्रवेशापासून. १९६८ साली क्लिओ ही संस्था निघाली आणि अल्पसंख्याक व वंचित विद्यार्थ्यांसाठी लॉ स्कूलआधीची उन्हाळी शिबिरे भरू लागली. पुढे लॉ स्कूलांनी स्वतःचे कार्यक्रम काढले, पण निवडक विद्यार्थ्यांपुरते. त्यामुळे तिथे जाणारा ‘कच्चा’ हा शिक्का बसला आणि ज्यांना खरी गरज होती तेच टाळू लागले. सर्वांना दार उघडल्यावर हा शिक्का पुसट झाला, पुरता गेलेला नाही. आता लॉ स्कूलांना मान्यता देणाऱ्या अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेच्या नियमांतच हे साहाय्य बंधनकारक आहे.

या सेवेतला सर्वांत दमदार भाग उत्तरलेखनाचा. मुद्दा, नियम, उपयोजन, निष्कर्ष हा साचा सगळेच शिकवतात आणि विद्यार्थी तो दोन दिवसांत पाठ करतात. घोडे अडते उपयोजनात. ‘आरोपीने ढकलले, म्हणजे हेतू होता’ एवढ्यावर गाडी थांबते. ‘तो दोन पावले मागे सरला, नेम धरून धावत आला, धक्का लागणारच हे त्याला ठाऊक होते’ असे घटनेतले तपशील नियमाच्या शब्दाला जोडले, की गुण मिळतात. चांगला प्रशिक्षक इथे पूर्ण उत्तर तपासत बसत नाही. ६० मिनिटांत जुना प्रश्न सोडवून घेतो, नमुना उत्तराशी ताडून पाहायला लावतो आणि फसलेला एकच परिच्छेद पुन्हा लिहून घेतो. ही पुनर्लेखनाची पायरी गाळणारा कार्यक्रम निम्म्या किमतीचाच समजावा.

आउटलाइनबद्दलचा, म्हणजे परीक्षेसाठी काढायच्या विषयाच्या सारांशाबद्दलचा, सल्लाही बहुतेक ठिकाणी योग्य असतो: सहाव्या-सातव्या आठवड्यात सुरू करा, स्वतः लिहा, शेवटी एका पानावर आणा. बाजारातली तयार आउटलाइन वाचताना सगळे कळल्यासारखे वाटते. कोऱ्या कागदावर मांडायला बसले की कळते, काय राहिले ते.

मोठी उणीव वेळापत्रकाची. अनेक ठिकाणी मदतीचे बोलावणे पहिल्या सत्राचे निकाल लागल्यावर, जानेवारीत येते. तोवर उन्हाळी नोकऱ्यांसाठी महत्त्वाचे ठरणारे गुण हातचे गेलेले असतात. पाचव्या-सहाव्या आठवड्यात एक छोटी सराव परीक्षा घेतली, तर हीच मुले वेळेवर सापडतात.

दुसरी उणीव नव्या नियमातून आली. २०१९ पासून, पदवीधरांपैकी बार परीक्षेला, म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या परीक्षेला, बसणाऱ्या किमान ७५ टक्क्यांनी दोन वर्षांच्या आत ती उत्तीर्ण व्हावी, अशी अट आहे. साहजिकच बऱ्याच ठिकाणी माणसे आणि पैसा शेवटच्या, तिसऱ्या वर्षाकडे सरकला. पारंपरिक बहुराज्य बार परीक्षेत, म्हणजे अनेक राज्यांत एकसारख्या असणाऱ्या भागात, सहा तासांत २०० बहुपर्यायी प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला १ मिनिट ४८ सेकंद. हा वेग सरावाने येतो खरा. पण पहिल्या वर्षी नियम घटनेला लावता आला नसेल, तर नुसत्या घड्याळाच्या सरावाने तो दोष झाकतही नाही. इथे आणखी एक नेहमीची चूक: प्रश्नांची संख्या मोजत जायचे आणि चुकलेल्या प्रश्नाचे कारण लिहायचेच नाही. नियम आठवला नाही, की घटना घाईत वाचली, की दोन पर्यायांत फसलो? तिन्हींवरचे उपाय वेगळे.

प्रवेश घेण्याआधी लॉ स्कूलला चार गोष्टी विचाराव्यात: मदत कोणत्या आठवड्यात सुरू होते, लेखी उत्तर कोण तपासते, ते किती दिवसांत परत मिळते आणि या कामाचे शिक्षक पूर्णवेळ आहेत का. पाचवा प्रश्न अलीकडचा. जुलै २०२६ पासून काही राज्ये नव्या स्वरूपाची बार परीक्षा घेत आहेत, इतर अनेक राज्ये ती टप्प्याटप्प्याने स्वीकारणार आहेत. तेव्हा तुमच्या राज्यात तुमच्या वर्षी कोणती असेल आणि सरावाचे साहित्य त्याप्रमाणे बदलले आहे का?