ढिगाऱ्यावरचा भोंगा आणि संसदेतला सलाम

१४ सप्टेंबर २००१. ११ सप्टेंबरच्या दहशतवादी हल्ल्यात कोसळलेल्या न्यूयॉर्कच्या इमारतींच्या ढिगाऱ्यावर एका मोडक्या अग्निशमन गाडीवर उभे राहून अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश बोलत होते. मागून कोणी ओरडलं, ‘ऐकू येत नाही!’ हातात भोंगा घेतलेले बुश म्हणाले, ‘मला तुमचा आवाज ऐकू येतोय. आणि ज्यांनी या इमारती पाडल्या, त्यांनाही आपला आवाज लवकरच ऐकू येईल.’ तीन दिवस मदतकार्यात राबून थकलेल्या माणसांना त्या घटकेला हाच धीर हवा होता, हे मला मनापासून पटतं. पण २० तारखेला अमेरिकेच्या संसदेपुढे त्यांनी ‘एक तर आमच्यासोबत, नाहीतर दहशतवाद्यांसोबत’ असं म्हटल्यावर मधे उभं राहायला जागाच उरली नाही. (१७ तारखेला ते वॉशिंग्टनच्या मशिदीत गेले होते आणि इस्लाम म्हणजे शांती, असं म्हणाले होते. ते मात्र फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.)

मार्च २०१९, न्यूझीलंडमधलं ख्राइस्टचर्च. दोन मशिदींवरच्या हल्ल्यात ५१ जणांचा जीव गेला. तेव्हाच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न दुसऱ्याच दिवशी डोक्यावर काळी ओढणी घेऊन तिथल्या मुस्लिमांना भेटल्या. संसदेत ‘अस्सलाम आलैकुम’ म्हणून बोलायला सुरुवात केली, आणि मारेकऱ्याचं नाव आपल्या तोंडून कधीच ऐकू येणार नाही, असं सांगितलं. नावं घ्या, ती गेलेल्यांची घ्या, म्हणाल्या.

मला आर्डर्न यांची रीत जवळची वाटते. बुश यांच्या शब्दांत शत्रू पुढे आला, आर्डर्न यांच्या शब्दांत ज्यांच्या घरचं माणूस गेलं ते. शिवाय त्या बोलून थांबल्या नाहीत: महिन्याच्या आत बहुतेक अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी घालणारा कायदा ११९ विरुद्ध १ मतांनी मंजूर झाला.